रुग्णाची जागा

"तुम्ही परत आडवे झालात," शिट्टीबाई म्हणाल्या.

मी चटई गुंडाळत होतो. वर्ग नुकताच सुटला होता, खुर्च्या वेड्यावाकड्या पडल्या होत्या, फळ्यावर माझ्याच अक्षरात 'श्वास : बघा, ऐका, जाणवू द्या' असं लिहिलेलं होतं. बाई खिडकीपाशी बसून पेन्सिलीने तक्ता भरत होत्या आणि बोलताना त्यांनी मान वर केली नाही. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागावलेल्या माणसाशी निदान वाद तरी घालता येतो. "शिकवता चांगलं," त्या म्हणाल्या. "आवाज खणखणीत आहे. हात गळ्यात बांधायची त्रिकोणी पट्टी आज दाखवलीत, ती मी इतकी वर्षं नर्सिंगच्या पोरींना शिकवली, पण मलाही इतकी सोपी करून सांगता आली नव्हती. पण बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवायची वेळ आली की तुम्ही म्हणता, 'या, माझ्यावरच करून बघा,' आणि खुशाल पसरता. तिकडे दहा माणसं एकमेकांचे हातपाय ओढतायत आणि शिक्षक डोळे मिटून पडलाय. त्यांच्याकडे बघतंय कोण? मी. मी निरीक्षक आहे हो, राखणदार नाही." मी म्हटलं, लोकांना संकोच वाटतो, कुणी झोपायला तयार होत नाही. "ते मागच्या पाठाला म्हणालात. आज तिघं स्वतःहून पुढे आले होते. त्यांना तुम्ही मागे सारलंत." मी चटईची दोरी नको इतकी घट्ट आवळत बसलो.

प्रथमोपचाराचा शिक्षक व्हायचं तर तीन सराव पाठ द्यावे लागतात. आपण शिकवायचं आणि मागच्या रांगेत निरीक्षकाने बावीस ओळींचा तक्ता घेऊन बसायचं. त्यातल्या तीन ओळींपुढे चांदणी असते. रुग्ण झालेल्या माणसाला इजा होऊ दिली नाही. शिक्षकाची वर्गावर नजर होती. प्रात्यक्षिक सर्वांना दिसलं. बाकीच्या एकोणीस ओळींत उन्नीस-बीस चालतं, चांदणीच्या ओळीत 'नाही' आलं की पाठ गेला. पहिले दोन गेले तरी माफ आहेत, माणूस शिकतोय म्हणून. तिसरा गेला की सगळं पहिल्यापासून, पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षीच्या अर्जाला नोकरीच्या ठिकाणचं पत्र लागतं, ते मला कोण देणार? आठ महिन्यांनी मी निवृत्त होतोय. म्हणजे माझ्यासाठी पुढचं वर्ष नव्हतंच. बाईंना हे ठाऊक होतं. त्यांनी तक्ता फायलीत ठेवला, गळ्यातली शिट्टी ब्लाउजच्या आत सारली आणि जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "तिसरा नाही जमला तरी वाईट वाटून घेऊ नका. आम्हाला रुग्ण लागतातच. दर शनिवारी चार वर्ग असतात. तुमच्याइतकं अंग सोडून पडणारा माणूस मी बघितलेला नाही. बाकीचे पडल्या पडल्या मदत करतात, हात उचलला की स्वतःच उचलून देतात. तुम्ही वजन टाकता. खरं वाटतं." हे त्या कौतुकाने म्हणाल्या. माझे मात्र कान तापले. एखाद्याने आपला खण उघडून आतली वस्तू बघावी आणि काही न बोलता पुन्हा लोटावा, तसं वाटलं.

लोकांना वाटतं, एकट्या माणसाला बोलायला कुणी नसतं. बोलायला खंडीभर माणसं असतात. इमारतीचा वॉचमन बोलतो, समोरच्या घरातली शिक्षिका जिन्यात थांबवून पाण्याच्या वेळेबद्दल बोलते, ताई दर रविवारी फोनवर तासभर बोलते. हात कुणी लावत नाही. ही गोष्ट माझ्या ध्यानात यायलाही बरीच वर्षं जावी लागली. आई होती तोवर प्रश्नच नव्हता. शेवटची सहा वर्षं ती अंथरुणाला खिळलेली होती आणि दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होतात. दिवसा एक बाई यायची, उरलेला सगळा वेळ मी. एक हात मानेखाली, एक गुडघ्याखाली, आणि आपल्याकडे ओढायचं. "अरे हळू! मी काय गोणी आहे का?" ती म्हणायची, आणि वळता वळता माझ्या मानेभोवती हात टाकायची. तो हात वाळकुडा होता, पण पकड पक्की. मला तेव्हा वैताग यायचा. खोटं कशाला बोलू, भयंकर वैताग यायचा. लग्न राहिलं, बदली नाकारली, सगळ्याचा राग त्या हातावर निघायचा, आणि मी तो मानेवरून सोडवून गादीवर ठेवायचो. ती गेली त्याला आता चार वर्षं झाली. पहिले काही महिने मला सुटल्यासारखं वाटलं. मग एकदा केस कापायला गेलो तर न्हाव्याने कात्री सोडून मशीन घेतलेलं. पूर्वी तो डोकं दोन्ही हातांत धरून इकडे तिकडे वळवायचा, शेवटी मानेला दोन चापट्या द्यायचा. आता मशीन फिरलं, कंगवा फिरला, ब्रशने केस झटकले, झालं. मी खुर्चीत बसूनच राहिलो. "झालं की काका," तो म्हणाला.

मग मी मोजायलाच लागलो. डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी बोटाला चिमटा लावला आणि पडद्यावरचा आकडा बघितला. मीटरखान्यात आम्ही दोघंच. पाण्याचे जुने मीटर आणून नळीला जोडायचे, पाणी सोडायचं, काटा बरोबर फिरतो का बघायचं. समोरचा दिवसभर कानात बोळे घालून गाणी ऐकतो आणि काही हवं असलं की टेबलावर टकटक करतो. चार महिने झाले, पाच झाले, एका जिवंत माणसाचा तळहात माझ्या अंगाला लागला नव्हता. हसू येतं सांगताना, पण मी गर्दीच्या दुकानात मुद्दाम अरुंद वाटेने जायला लागलो होतो. सदुसष्ट किलोचा, टक्कल पडलेला, सरकारी नोकरीतला माणूस! त्याच सुमाराला वरून फर्मान आलं की प्रत्येक खात्यातून एकाने प्रथमोपचार शिकून यायचं. समोरचा म्हणाला, "तुम्हीच जा, तुम्हाला घरी कोण आहे?" त्याने ते सहज म्हटलं. मी गेलो.

पहिल्या दिवशी माझी जोडी एका पार्सल पोचवणाऱ्या बाईशी लागली. तिशीतली, उन्हाने रापलेली, बोलायला फटकळ. मला चटईवर झोपायला सांगितलं. मी डोळे मिटले. तिने माझे दोन्ही खांदे धरले, हलवले, आणि कानाशी येऊन ओरडली, "काका, ओ काका! ऐकू येतंय का? डोळे उघडा!" तळहात खरखरीत होते, शर्टातून कळत होते. मग तिने माझं कपाळ एका हाताने मागे नेलं, हनुवटी दोन बोटांनी उचलली, गाल माझ्या तोंडाजवळ आणून श्वास ऐकला. मी श्वास रोखला होता, म्हणून ती घाबरली आणि खरंच ओरडली, "अहो काका!" मी श्वास सोडला. मग माझा लांबचा हात माझ्याच गालाखाली घालून, गुडघा वर उचलून, तिने मला आपल्या बाजूला वळवलं, आणि पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मी इथेच आहे, मदत येतेय." तसं म्हणायचं असतंच, पुस्तकात दिलंय. पण मला ते खरं वाटलं, त्याला मी तरी काय करू? पुढच्या महिन्यात मी प्रमाणपत्र हरवलं म्हणून परत नाव घातलं. त्यानंतर विसरलो म्हणून. एका प्रयोगशाळेतल्या मुलाचे हात गार होते. एक शिंपी होता, तो अंगाला हात लावायचा तो माप घेतल्यासारखा, जेवढ्यास तेवढा. एका शाळेतल्या शिपायाने मला वळवता वळवता माझी कॉलर नीट केली. मी त्या सगळ्यांना विसरलेलो नाही. त्यांना मी आठवत असेन असं वाटत नाही.

तिसऱ्या वेळी केंद्रातल्या माणसाने विचारलं, इतकी आवड आहे तर शिक्षक का होत नाही? आणि माझं गणित तिथे साफ चुकलं. मला वाटलं, शिक्षक म्हणजे दर शनिवारी वर्ग, दर वर्गात दहा माणसं, म्हणजे वीस हात. कुठली अक्कल! या विद्येत जसजसं वर जावं तसतसे हात कमी होत जातात. शिकणारे एकमेकांना धरतात. शिक्षक बाजूला उभा राहून कोपर सरळ ठेवायला सांगतो. निरीक्षक त्याहून लांब, मागच्या रांगेत. शिट्टीबाईंना इतक्या महिन्यांत कुणी हात लावलेला मी पाहिला नाही. त्या आल्या की लोक खुर्ची पुढे करतात आणि दोन पावलं मागे सरतात. हे कळल्यावरही मी आपला पाठ द्यायला उभा राहायचो, सगळं नीट चालायचं, आणि वळवायचा भाग आला की गुडघे आपोआप दुमडायचे. पण याचा अर्थ असा नाही की मला शिक्षक व्हायचं नव्हतं. व्हायचं होतं, अगदी मनापासून. मीटर काही मी निवडले नव्हते, बाबा गेल्यावर त्यांच्या जागी चिकटलो. आईचं आजारपण तर कुणीच निवडत नाही. आयुष्यात स्वतःहून हात वर केला तो एवढ्यासाठीच. निवृत्तीनंतर एक खोली असेल, तिथे दहा माणसं 'सर' म्हणून माझ्याकडे बघतील, आणि मी सांगितलेलं त्यांना कधीतरी उपयोगी पडेल. नाहीतर निवृत्तीनंतर मी सकाळी उठून करणार काय?

रविवारी ताईचा फोन आला. "काय रे, झालास का मास्तर?" मी म्हटलं, एक पाठ राहिलाय. "मी सगळ्यांना सांगून बसलेय हं, माझा भाऊ आता लोकांना जीव वाचवायला शिकवतो. तोंडघशी पाडू नकोस मला." मग ती तिच्या गुडघ्यांबद्दल बोलली, सुनेच्या नोकरीबद्दल बोलली, मला वजन किती विचारलं. मला एकदम तिला विचारावंसं वाटलं की ताई, तुला शेवटचं कुणी जवळ कधी घेतलं गं? असला प्रश्न फोनवर कसा विचारणार? तिने लगेच पहिली गाडी पकडली असती आणि मला डॉक्टरकडे नेलं असतं. "जेवतोस ना वेळेवर?" ती म्हणाली. जेवतो, म्हटलं. फोन ठेवल्यावर मी उशी चटईवर टाकून तिच्यावर सराव केला. शिक्षकाने कमरेपाशी गुडघे टेकायचे, रुग्णाचं डोकं वर्गाकडे तिरकं, आपली पाठ भिंतीकडे. वर्गाकडे कधीही नाही, हे बाईंनी दोनदा घोकवून घेतलं होतं. उशीला मी चार वेळा विचारलं, ऐकू येतंय का. समोरची शिक्षिका दार वाजवून विचारायला आली, सगळं ठीक आहे ना. मी दारातूनच म्हटलं, हो, अभ्यास चाललाय.

तिसरा पाठ एका काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात ठरला होता, दुपारी, त्यांच्या जेवणघरात. टेबलं भिंतीला सारली होती. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. भट्टीचा आवाज सतत खालून येत होता आणि सगळी माणसं त्यामुळे मुळातच मोठ्याने बोलत होती. दहा जण होते. भट्टीवरचे चौघं, पॅकिंगमधल्या तीन बाया, एक वीजतंत्री, टेलिफोनवरची मुलगी, आणि सगळ्यांच्या मागे दाराजवळ उभा असलेला एक पंचेचाळिशीचा उंच माणूस. त्याला सगळे 'पडदा' म्हणत होते. पॅकिंगच्या बाईने मला कारणही सांगितलं. तो बाटल्या तपासतो. काळा पडदा लावलेल्या खोपटात एकटा बसतो, उजेडासमोरून बाटल्या सरकत जातात आणि तो तडा असलेली बाटली उचलून बाजूला टाकतो. आठ तास. उजेड आत येऊ नये म्हणून पडदा कुणी उघडायचा नाही, डबासुद्धा तिथेच. "बारा वर्षं झाली बघा," ती म्हणाली, "बायको गेली तरी दुसऱ्या आठवड्यात कामावर हजर. बोलत नाही फारसा, पण माणूस चांगला आहे." शिट्टीबाई मागे बसल्या होत्या. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं.

पाठ चांगला रंगला. मी स्वतःलाच ओळखत नव्हतो. रक्त थांबवायला दाब कसा द्यायचा हे सांगताना काचेचीच उदाहरणं दिली, तुकडा खोल रुतलेला असेल तर उपटायचा नाही, भोवतीने दाबायचं, तेव्हा भट्टीवरच्या एकाने आपल्या दंडावरचा व्रण दाखवला आणि म्हणाला, "मी उपटला होता, सर. बादलीभर गेलं." लोक हसले, मीही हसलो. पुतळ्यावर छाती दाबून दाखवली. टेलिफोनवरची मुलगी सगळ्यांत जोरात दाबत होती, तिला मी शाबासकी दिली. मग वळवायचा भाग आला. मी चटई तिरकी अंथरली आणि म्हटलं, "कोण झोपतंय?" कुणीच हललं नाही. फरशी ओली आहे, कपडे खराब होतील, बाया पदर सावरून मागे सरल्या, भट्टीवरचे एकमेकांना कोपराने ढोसत राहिले. चटई मोकळी पडली होती आणि माझे गुडघे, देवा शपथ सांगतो, माझे गुडघे वाकायला लागले होते. शर्टाच्या आत खांदे वाट बघत होते. दोन मिनिटांत ती टेलिफोनवरची मुलगी तिच्या त्या जोरकस हातांनी मला धरेल, आणि बाईंचा 'नाही' पडेल, आणि मग शनिवारी चार वर्ग, चार चटया. काय वाईट होतं त्यात? कोण विचारणार होतं? बाई पेन्सिल धरून माझ्याकडेच बघत होत्या. मी घसा खाकरला आणि बोट दाराकडे केलं. "तुम्ही या."

"मी नको, सर. दुसऱ्या कुणाला तरी घ्या," पडदा म्हणाला. "अहो जा की, पडदाशेठ, तेवढीच झोप!" भट्टीवरचा म्हणाला आणि सगळे हसले. तो आला. चपला नीट बाजूला काढून ठेवल्या, चष्मा काढून खिशात घातला, आणि इतका उंच माणूस घडी घातल्यासारखा एकेक सांधा मोडत खाली झाला. मी त्याच्या कमरेपाशी गुडघे टेकले, पाठ भिंतीकडे, सगळं नियमानुसार. दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले, हलवले, वाकून मोठ्याने म्हटलं, "ऐकू येतंय का? डोळे उघडा!" आणि त्याचा चेहरा बघितला.

आजवर मी हे वरून कधी बघितलंच नव्हतं. उशीला चेहरा नसतो, पुतळ्याचा रबरी असतो, आणि जिवंत माणसाच्या वेळी, अगदी शिकतानाही, माझी पाळी दुसऱ्याला देऊन मीच खाली असायचो. त्याच्या मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या. श्वास रोखलेला होता. मान नकळत माझ्या हाताच्या बाजूला झुकलेली, हनुवटी जराशी वर, कुणीतरी आणखी एकदा हाक मारावी म्हणून तो थांबला होता. सगळं लख्ख दिसत होतं, त्याला काही लपवता येत नव्हतं. मग त्याचा खालचा ओठ हलला, आणि डोळ्याच्या कडेतून पाणी निघून कानाकडे चाललं. म्हणजे माझंही असंच दिसत होतं! त्या पार्सलवाल्या बाईला दिसलं होतं, शिंप्याला, शिपायाला, दोन पाठांतल्या वीस माणसांना, आणि बाईंना तर सगळ्यांत आधी. एवढे महिने मला वाटत होतं की डोळे मिटले की झालं. ते सगळे काही न बोलता आपापल्या घरी गेले होते. लाजेने मला तिथेच मरून जावंसं वाटलं, पण माझ्या हाताखाली हा माणूस पडला होता आणि त्याच्या डोक्यापलीकडे त्याच्यासोबत बारा वर्षं काम करणारी नऊ माणसं होती. भट्टीवरचा तो हसणारा मान उंचावून बघायला लागला होता. अजून दोन सेकंदांत त्याला दिसलं असतं, आणि मग खोपटात बसणाऱ्या या माणसाला उद्यापासून जगणं नको झालं असतं. मी उठलो, त्याच्या खांद्यापाशी सरकलो, आणि वर्ग आणि तो चेहरा यांच्या मधोमध गुडघे टेकून बसलो. पाठ सगळ्या वर्गाकडे.

"सर, दिसत नाही," टेलिफोनवरची मुलगी म्हणाली. "आधी नीट ऐका," मी मागे न बघता म्हणालो, "बघायचं नंतर." कपाळ मागे, हनुवटी वर. मग मी त्याचा जवळचा हात बाजूला केला, लांबचा गालाखाली घातला, गुडघा उचलला आणि त्याला माझ्याकडे वळवलं. त्याचं वजन पुरतं माझ्यावर आलं, जराही मदत न करता. तोंड माझ्या पोटाशी आलं. मी पाठीवर तळहात ठेवला आणि एकेक गोष्ट खणखणीत आवाजात सांगत राहिलो, डोकं मागे का ठेवायचं, जीभ घशात कशी पडते, ओकारी आली तर काय होतं. आईनंतर मी कुणाला असं वळवलं नव्हतं. तळहाताखाली त्याची पाठ वर खाली होत होती, आधी भराभर, मग हळूहळू संथ. ती पूर्ण संथ होईपर्यंत मी बोलत राहिलो. एकच गोष्ट तीनतीनदा सांगितली असेन. "दिसत नाहीये हो सर," कुणीतरी परत म्हणालं. मी खिशातून रुमाल काढला, तोंडातली घाण कशी पुसायची ते दाखवतोय असं मोठ्याने म्हटलं, आणि त्याचा चेहरा पुसला. मग म्हटलं, "झालं. सावकाश उठा." तो उठला, चष्मा लावला आणि दाराजवळ जाऊन उभा राहिला. पुढे जोड्या लावल्या, सगळ्यांना सराव दिला, सगळ्यांवर नजर ठेवली. कुणाचं कोपर वाकलं तेही मला दिसत होतं.

माणसं गेल्यावर बाईंनी तक्ता पुढ्यात ओढला. "का बसलात तिथे?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, चुकलो. "चुकलात कसे? दोनदा शिकवलंय मी. उभं राहून, जागा बदलून तुम्ही मुद्दाम तिथे जाऊन बसलात. दोघांनी ओरडून सांगितलं तरी हलला नाहीत." मी म्हटलं, गोंधळलो. एक वाक्य बोललो असतो तर कदाचित त्यांनी पेन्सिल खाली ठेवली असती. त्या काही दगड नव्हत्या. पण ते वाक्य त्या माणसाचं होतं, ते मी कसं वापरणार? "बाकी बावीसपैकी एकवीस आहेत," बाई म्हणाल्या. "इतका चांगला पाठ मी या वर्षी बघितला नाही. आणि मला इथे, 'सर्वांना दिसलं'पुढे, 'नाही' लिहावं लागतंय. काही सांगायचंय का तुम्हाला?" मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी लिहिलं. माझी सही हवी असते, ती मी केली. अक्षर चांगलं आलं.

"मग शनिवारपासून येता ना?" बाई फाईल बंद करत म्हणाल्या. "रुग्ण म्हणून. मी नाव लिहून टाकते."

"नाही, बाई. नाही जमणार."

"का? तुम्हाला आवडतं ना?"

त्यांनी ते अगदी साधेपणाने विचारलं. मी म्हटलं, पाठ दुखते हल्ली. बाई उठल्या, पर्स घेतली, आणि जाता जाता काहीतरी करावं म्हणून त्यांचा हात माझ्या बाजूला जरासा उचलला गेला आणि मधेच शिट्टीकडे वळला. "बरं. जपा," त्या म्हणाल्या. मी पुतळा पिशवीत भरला, पट्ट्या मोजल्या, फळा पुसला. टेबलं पुन्हा जागेवर ओढली. कुणी सांगितलं नव्हतं, पण लगेच बाहेर पडायची हिंमत होत नव्हती. ताईला काय सांगायचं ते मनात जुळवत होतो आणि काही जुळत नव्हतं.

खाली फाटकाशी पडदा उभा होता. पाळी सुटली होती, बाकीचे पांगले होते. उजेडात तो आणखी उंच दिसत होता आणि डोळे बारीक करून बघत होता. मी जवळ गेलो तरी तो माझ्याकडे न बघता फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिला. मी म्हटलं, "येतो."

"सर," तो म्हणाला. "मघाशी. माझं तोंड दिसलं का कुणाला?"

"नाही. मीच आडवा बसलो होतो ना. सगळ्यांनी तक्रार केली की."

"हो, ते ऐकलं मी." फाटकाची कडी त्याने दोनदा वर केली, दोनदा खाली. "आणि तुम्हाला?"

"मी घड्याळात बघत होतो," मी म्हणालो. "श्वास मोजायला दहा सेकंद लागतात. तेव्हा दुसरीकडे बघून चालत नाही."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग मान डोलावली, फाटक उघडून धरलं, मला आधी जाऊ दिलं, आणि आम्ही दोघं दोन बाजूंना गेलो.